मुदतवाढ मिळावी ही विनंती

आमच्या ग्रंथालयात एक फाइल आहे. तिच्यावर मी माझ्या हाताने 'किरकोळ पत्रव्यवहार' असं लिहिलं आहे, पण आत किरकोळ काही नाही आणि पत्रव्यवहारही एकाच बाजूचा आहे. दर पंधरा दिवसांनी एक, असे चार वर्षांचे अर्ज त्यात लावलेले आहेत. सगळे एका हस्ताक्षरातले, सगळ्यांचा मजकूर एकच. 'माननीय ग्रंथपाल यांस, स. न. वि. वि. माझी पत्नी सौ. सुमन म्हस्कू टेंगले हिने आपल्या ग्रंथालयातून नेलेले पुस्तक तिचे अद्याप वाचून पूर्ण झालेले नाही. तरी मुदतवाढ मिळावी ही विनंती.' खाली सही, प्रा. म. बा. टेंगले. यातला पहिला अर्ज आला त्याच्या अकरा दिवस आधी सुमनताई वारल्या होत्या.

नियमाप्रमाणे मुदतवाढ एकदाच मिळते, आणि तीही पुस्तकाला दुसऱ्या कुणाची मागणी नसेल तरच. दौंडात मी नियमाची बाई म्हणून ओळखली जाते. आमटीचा डाग पाडलेलं पुस्तक मी एका नगरसेवकाच्या घरी परत पाठवलं होतं. तेव्हापासून त्या घरातलं कुणी माझ्याशी बोलत नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. तरीही या फाइलमधल्या प्रत्येक अर्जावर मी तांबड्या शाईने 'मंजूर' लिहिलं आहे. का, ते सांगायचं तर टेंगले सर सांगावे लागतील.

सर मूळचे शिरूरकडचे, घोड नदीच्या अंगाला त्यांचं गाव. आजोबा मेंढरं घेऊन निम्मं वर्ष बाहेर असत. वडिलांनी मेंढरं विकून विहीर पाडली आणि ऊस लावला. सरांनी मराठी विषय घेऊन एम. ए. केलं, आणि ते कशासाठी हे त्यांच्या थोरल्या भावाला, आप्पांना, अजूनही नीट कळलेलं नाही. नोकरी दौंडच्या कॉलेजात लागली आणि सर इथलेच झाले. उंच, वाळके, कायम पांढरा शर्ट, खिशात दोन्हीकडून टोक केलेली पेन्सिल. ती पेन्सिल खिशातून बाहेर आली की बाजारपेठेतले दुकानदार आपापल्या पाट्यांकडे बघायला लागायचे. एका हॉटेलच्या पाटीवर 'मिसळ मीळेल' असं होतं. सरांनी मालकालाच खुर्ची धरायला लावली, वर चढले आणि पहिली वेलांटी बसवूनच खाली उतरले. मग मिसळ न खाताच गेले.

आमच्या चौकात फ्लेक्स लागतो तो वाढदिवसाचा नाहीतर श्रद्धांजलीचा. दोन्हींवर फोटो पुष्कळदा एकच असतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे सर बघत नसत, पण 'भावपुर्ण' असा ऱ्हस्व पु दिसला की त्यांचा पाय पुढे पडत नसे. एकदा ते अशा फ्लेक्सखाली उभे राहून गेलेल्या माणसाच्या पुतण्याला ऱ्हस्व-दीर्घ समजावत राहिले, अर्धा तास. तेव्हापासून फ्लेक्सवाला सचिन श्रद्धांजलीचा प्रत्येक मजकूर छापण्याआधी सरांकडे घेऊन येऊ लागला. "गेलेल्या माणसाला खुलासा करता येत नाही," सर त्याला म्हणायचे, "म्हणून त्याच्याबद्दल तरी शुद्ध लिहावं."

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांच्या हाताखाली होते. साहित्यातलं दुःख हा त्यांचा खास विषय, आणि खास रागही त्याच्यावरच. "लेखकाला माणूस मारणं फार सोपं पडतं," ते म्हणायचे. "एक मारला की पंधरा पानांची सोय होते." त्यांनी एक दोनशेपानी वही केली होती, तिच्यावर नाव घातलं होतं 'शोकाची सोंगं'. कथा-कादंबरीत कुणी मेलं आणि मागे राहिलेल्याने ते मानायचंच नाकारलं, की सर त्याची रवानगी वहीतल्या चारांपैकी एका कप्प्यात करायचे: ताट वाढणारे, दार उघडं ठेवणारे, कपाट न उघडणारे आणि पत्रं लिहिणारे. शेजारी दहापैकी गुण. तीनच्या वर कुणी गेल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

"मेलेल्याचं ताट वाढणारी बाई शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी एकही पाहिली नाही," ते वर्गात सांगायचे. "कुणी पाहिली असेल तर हात वर करा." हात वर जात नसे. मग विचारायचे, तुमच्या घरात कुणी गेलं तेव्हा पहिलं वाक्य कोण काय बोललं, ते सांगा. आमच्या वर्गातली यवतची एक मुलगी चाचरत उठली आणि म्हणाली, "सर, आज्जी गेली तवा चुलतं म्हणलं, आधी मोटार बंद करा, पाणी वाया चाललंय."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहिलं, 'तवा' आणि 'चुलतं म्हणलं' सकट, एकही दुरुस्ती न करता. "याला दहापैकी दहा," ते म्हणाले. "आता पुढं काय करायचं ते चुलत्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने मोटार बंद केली. कादंबरीत तो खिडकीतून क्षितिजाकडे बघत बसला असता." मी पुढे ग्रंथपाल झाले, हजारो पुस्तकं हाताखालून गेली, पण पुस्तक पारखायची माझ्याकडे असलेली एवढीच रीत आहे आणि ती त्या तासाची आहे.

आता सुमनताई. शाळा सातवीपर्यंत. लग्न होऊन दौंडला आल्या तेव्हा घरात भांडी कमी आणि पुस्तकं जास्त होती, तेव्हा दुसरं करायला काही नव्हतं म्हणून वाचायला लागल्या, असं त्या सांगत. सर एक कादंबरी पंधरा दिवस चघळायचे, ताई तीन दिवसांत संपवून परत आणायच्या. ग्रंथालयात आल्या की काउंटरवर कोपर टेकून विचारायच्या, "म्याडम, ह्यात कोण मरतंय का?" मी सांगत नसे. मग त्या पुस्तक उलटं धरून शेवटचं पान काढायच्या. "कोण मरतंय ते आधी बघून घेतलं की मग निवांत वाचता येतंय," हे त्यांचं म्हणणं.

सरांच्या लेखी हा गुन्हा होता. लग्नानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट ते रंगवून सांगायचे. सर एक जाडजूड कादंबरी वाचत असताना ताई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमचा तो धाकला शेवटाला मरतोय बरं का." सर तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ताईंनी कबूल केलं, आता आधी शेवट वाचणार नाही. "सवय मोडली तिची," सर अभिमानाने सांगायचे. आयुष्यात त्यांनी असंख्य वेलांट्या दुरुस्त केल्या, पण ही दुरुस्ती त्यांना सगळ्यांत मोठी वाटे. ताई शेजारी बसून ऐकायच्या आणि मान हलवायच्या.

इथे माझ्या खात्यातली एक गोष्ट सांगून टाकते. परत आलेल्या काही पुस्तकांच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरा मारलेला असे. पुस्तकात लिहायला सक्त मनाई आहे, आणि सुरुवातीला मी खोडरबर घेऊन तो खोडत असे. मग एकदा खोडायच्या आधी वाचला आणि हसू आलं. पुढे पुढे मी पुस्तक आलं की आधी शेवटचं पान उघडून बघू लागले. शेरे कोण मारतं ते रजिस्टरवरून पाच मिनिटांत कळलं असतं. मी रजिस्टर उघडलं नाही.

ताईंचं दुखणं छातीचं निघालं. पुण्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा दुपार होती आणि त्या वाचत होत्या. हिरव्या रेक्झिनच्या बांधणीची एक जुनी कादंबरी. नाव सांगत नाही, लोक मागायला येतील. गाडी दारात आली तशी त्यांनी अंबाड्यातला आकडा काढून पानात घातला, पुस्तक उशीपाशी ठेवलं आणि सरांना म्हणाल्या, "राहू द्या तिथंच. आल्यावर वाचते." तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

दशक्रिया भीमेच्या घाटावर झाली. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. कारखान्याचे संचालक, माजी सभापती, होऊ घातलेले सभापती, सगळे गेलेल्या माणसाबद्दल बोलता बोलता आपल्याबद्दल बोलतात. सरांना तिथे कायम बोलावणं असे आणि लोक त्यांना जरा भीतही असत, कारण एका आबांच्या दशक्रियेला ते म्हणाले होते, "आबांना राग फार होता, आणि तो सहसा योग्य माणसावर निघत नसे." आबांच्या बायकोला पदर तोंडाला लावून हसू दाबावं लागलं होतं. त्या दिवशी मात्र सर बोलले नाहीत. भाषणं झाली, पिंड ठेवले, लोक मागे सरले आणि कावळा लगेच आला. पाच मिनिटंसुद्धा थांबला नाही. लगेच शिवला म्हणजे गेलेल्या जिवाची कसली इच्छा मागे राहिली नाही. सगळ्यांनी हात जोडले.

"सुटली माउली," आप्पा म्हणाले. "म्हस्कू, चल. नदीवर हात-पाय धू."

"आप्पा, कावळ्याची चूक झालीय," सर म्हणाले.

"आरं, असं कसं म्हणतूस?"

"तिचं पुस्तक अर्धं राहिलंय. पान एकशे त्रेचाळीस. तो इतक्या लवकर शिवतोच कसा?"

आप्पांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. धक्का बसलाय, होईल कमी, असं लोक आपसांत म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडलं तर सर पायरीवर उभे होते. दाढी केलेली, पांढरा शर्ट, हातात अर्ज. मी अर्ज वाचला. 'सौ.' वाचलं. 'अद्याप' वाचलं. मला त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी पेनाचं टोपण शोधायला खाली वाकले आणि खालीच राहून जरा रडले. मग वर येऊन लिहिलं, 'मंजूर'. एवढ्याने काय बिघडतंय, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, असं मला वाटलं होतं.

पंधरा दिवसांचे महिने झाले. लेखकांच्या शोकाला गुण देणारा माणूस स्वतः काय करतो हे बघायला सगळं दौंड उत्सुक होतं, आणि सरांनी दौंडला काही दिलं नाही. ताट वाढलं नाही. दार उघडं टाकलं नाही. कपाट उघडून ताईंची लुगडी वाटून टाकली. तीन कप्प्यांतून सर सहीसलामत निसटले. चौथ्या कप्प्याचं त्यांच्या लक्षात आलं नसावं, कारण त्यांच्या मते ती पत्रं नव्हती, अर्ज होते.

प्रथम पुण्यस्मरणाचा फ्लेक्स करायचा म्हणून सचिन मजकूर घेऊन आला. सरांनी तो वाचला, 'कै. सौ. सुमन' मधल्या 'कै.'भोवती पेन्सिलीने गोल केला आणि म्हणाले, "यात चूक आहे." सचिन गेला आणि काना-मात्रा-वेलांटी तपासून पुन्हा घेऊन आला. पुन्हा तोच गोल. सहा वेळा. सातव्या वेळी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "म्याडम, 'कै' कसा लिहायचा असतो? दोन मात्रा का तीन?" मी म्हटलं, दोनच. फ्लेक्स लागला नाही.

मधून मधून मी त्यांच्या घरी जात असे. पलंगावर उशीपाशी पुस्तक, त्यात आकडा. सर रोज धूळ पुसायचे, पण पुस्तक जिथल्या तिथे. दुपारी दोन ते तीन फोन घेत नसत, कारण ती ताईंची वाचायची वेळ. एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्हीच का वाचून संपवत नाही?"

"आकडा आहे तिथलं पान पाहिलं मी," ते म्हणाले. "नायिकेला ताप आलाय. पुढं काय होतं ते बघितलेलं नाही. तोवर तरी ती बरी आहे, बाई."

मी ती कादंबरी वाचलेली आहे.

आप्पा दर दिवाळीला जीप घेऊन यायचे. "चल गावाकडं. नोकरी बी सरली. हितं एकटा काय करतूस? घर हाय, माणसं हायेत." सरांचं उत्तर ठरलेलं, की हिच्या नावावर इथलं पुस्तक आहे. आप्पा एकदा थेट माझ्याकडेच आले, मांडी घालून बाकावर बसले आणि म्हणाले, "म्याडम, शिरूरला बी गरंथालय हाय. तिथं जमा केलं तर चालंल का?" मी सांगितलं, चालत नाही, जिथलं तिथेच जमा करावं लागतं. "बघा," आप्पा म्हणाले, "रानाचा सातबारा एवढा आडत न्हाई." रिकामी जीप घेऊन ते परत गेले.

सर वाळत चालले होते. जेवण शेजारच्या लताबाईंकडून यायचं. लताबाई कुरकुंभच्या एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होत्या, विधवा, ताईंच्याच वयाच्या. त्यांचं आणि ताईंचं वाचनाचं साटंलोटं होतं: ताईंचं झालं की पुस्तक लताबाईंकडे, मग लताबाई ते कंपनीच्या बसमध्ये वाचायच्या आणि सुट्टीच्या दिवशी नळावर दोघींची चर्चा. त्या हिरव्या कादंबरीला मागणीचं कार्ड लताबाईंचंच लागलेलं होतं, ताईंनी ती नेली त्याच दिवशी. म्हणजे मी पहिल्या अर्जापासून नियम मोडत होते आणि ते मला ठाऊक होतं. चार वर्षं लताबाईंनी अवाक्षर काढलं नाही. रोज डबा द्यायच्या. सर म्हणायचे, जेवलो. डबा जवळजवळ भरलेला परत यायचा.

मागच्या उन्हाळ्यात त्या ग्रंथालयात आल्या आणि काउंटरवर कोपर टेकलं, अगदी ताईंसारखं.

"म्याडम, मला ते हिरवं पुस्तक पायजे."

"ते बाहेर गेलंय, लताबाई."

"कुठं गेलंय ते ठाव हाय मला. भितीपल्याड हाय." मग म्हणाल्या, "माझी नोकरी संपली. पुढल्या महिन्यात लेकाकडं चाललेय ऱ्हायला, चाकणला. ते वाचल्याबिगर न्हाई जायची. सुमनताई त्यांची बायकू व्हती, पर माझी बी कुणीतरी व्हतीच की. मी कवा अर्ज केला का?"

मला लाज वाटली. दुःख एकट्या सरांच्याच नावावर मी मंजूर करत आले होते. आणि दुसरीही गोष्ट माझ्या लक्षात आली, की महिन्याभराने डबाही बंद होणार. मग सर दौंडात उपाशी आणि आप्पा शिरूरकडे वाट बघत, आणि मधे एक हिरवं पुस्तक. त्या दिवशी मी चार वर्षांत पहिल्यांदा उत्तर लिहिलं. 'आपला अर्ज मंजूर करता येत नाही. पुस्तकास अन्य वाचकाची मागणी आहे. आठ दिवसाच्या आत जमा करावे.'

तिसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास सर आले. पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, हातात माझं पत्र. "बाई, 'आठ दिवसांच्या' हवं," ते म्हणाले. "अनुस्वार राहिला." मी म्हटलं, करते दुरुस्त. पुस्तक आलं का ते बघायला लताबाई येऊन बाकावर बसल्या होत्या, पायाशी पिशवी. त्यांना बघून सरांनी पुस्तक छातीशी धरलं.

"लताबाई, मी तुम्हाला पुण्याहून दुसरी प्रत मागवून देतो."

"दुसरी नगं. हीच पायजे."

"तिचं वाचून व्हायचंय अजून."

लताबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "सर, राग मानू नका. त्यांचं शेवटचं पान पयल्याच दिवशी वाचून झालंय. नळावर सांगितलं व्हतं मला."

"शक्य नाही. ती सवय मी मोडली होती."

"तुमच्यापुरती मोडली व्हती," लताबाई म्हणाल्या.

सर मास्तरकीच्या आवाजात काही बोलायला गेले, पण लताबाई उठून कपाटांकडे गेल्या होत्या. कुठलं पुस्तक कुठे ते त्यांना माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं. तीन कादंबऱ्या आणून त्यांनी टेबलावर उपड्या टाकल्या आणि एकेकीचं शेवटचं पान उघडून सरांपुढे सरकवलं. पहिलीत तळाशी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'सासू सुधारली म्हणे. दोन पानात कोण सुधारतं?' दुसरीत, 'हा गेला ते बरं. आधीच जायला पाहिजे होता.' सर खाली वाकले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि बोट 'हा'वर ठेवलं. ताईंचा ह शेपटीला तुटका असे; तो दुरुस्त करायला सरांनी बरीच वर्षं घालवली होती. तिसरीच्या शेवटी लिहिलं होतं, 'रडू आलं. पण नळाला पाणी आलं म्हणून उठले.'

ते सरांनी दोनदा वाचलं. "दहापैकी दहा," ते पुटपुटले. आणि मग हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. तीस वर्षं आपल्याच घरात आपल्याला फसवलं गेलं हे कळल्यावर माणूस इतका खूश होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग त्यांनी स्वतःच वर्तमानपत्र सोडलं. आकडा हलू न देता, जपून, हिरव्या पुस्तकाचं शेवटचं पान काढलं. ते पान मला पाठ आहे. नायिका केव्हाच गेलेली आहे. नायक दोन ताटं वाढून बसला आहे, एक तिचं, एक त्याचं. दोन्ही ताटं तशीच आहेत आणि लेखक दीड पानभर क्षितिज वगैरे सांगतो आहे. सरांच्या वहीत याला पहिला कप्पा मिळाला असता, गुण दोन. आणि त्या सगळ्याच्या खाली, तुटक्या शेपटीच्या 'ह'ने सुरू होणारी एक ओळ होती.

'ह्याला म्हणावं, आधी जेवून घे.'

ती ओळ चार वर्षं सरांच्या उशीपाशी पडून होती. बरं, ती त्यांच्यासाठी लिहिलेलीही नव्हती. ताईंनी पुस्तक नेलं त्या दिवशी त्यांना ताप नव्हता, कळ नव्हती, काही नव्हतं. एका कादंबरीतल्या एका माणसाचा त्यांना वैताग आला होता, इतकंच. सरांच्याही ते ध्यानात आलं असणार, कारण शेवटी ते मराठीचे प्राध्यापक.

"हा शेरा मला उद्देशून नाही, बाई," ते म्हणाले. "हा पात्रावर आहे."

"व्हय की," लताबाई म्हणाल्या. "पात्रावरच हाय. आन् त्या पात्राचा डबा माझ्या पिशवीत हाय."

सरांनी पुस्तक मिटून समोर ठेवलं. मग म्हणाले, "आधी फॉर्म द्या." सभासदत्व रद्द करण्याचा फॉर्म मी पुढे केला. सभासदाच्या नावाच्या रकान्यात त्यांनी 'कै.' लिहिलं. दोन मात्रा, एक टिंब. टिंब नीट आलं नाही म्हणून पुन्हा गिरवलं. मग 'सौ. सुमन म्हस्कू टेंगले'. खाली 'कारण' असा एक रकाना आहे. लोक तिथे 'बदली झाली' नाहीतर 'वेळ मिळत नाही' असं लिहितात. सरांनी पेन्सिल दोन-तीनदा टेकवून उचलली आणि लिहिलं, 'वाचून झाले.' आकडा काढून शर्टाच्या खिशात ठेवला आणि पुस्तक लताबाईंच्या हातात दिलं.

आठवड्याभराने आप्पा जीप घेऊन आले आणि सर शिरूरकडे गेले. तिथून अधूनमधून पत्र येतं, तिथल्या पाट्यांवर पुष्कळ काम आहे म्हणून. पण सर म्हटलं की मला दिसतात ते त्या दुपारचे. वाचनकक्षाच्या भिंतीवर मी पाटी लावलेली आहे, 'येथे खाद्यपदार्थ आणू नयेत.' तिच्यातला 'द्य' एकदा सरांनीच दुरुस्त केला होता. बरोबर त्या पाटीखाली बसून त्यांनी डबा उघडला. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. नियमाची बाई असून मी उठून त्यांना प्यायला पाणी आणून दिलं.

पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. मग मान वर करून म्हणाले, "लताबाई, भाजीत मीठ जरा जास्त झालंय."

"चार वर्सं तेवढंच घालतेय, सर," लताबाई म्हणाल्या.